तीन सह्यांचं पाकीट

दृश्य: जुनं टपालाचं पाकीट. कोपऱ्यात तिकीट, त्यावर गोल शिक्का, मधोमध शाईच्या तीन सह्या.

हे पाकीट चंद्रावर गेलेलं नाही. ते कायम पृथ्वीवरच होतं. तरीही अंतराळमोहिमांच्या वस्तू जमवणारे त्याच्यासाठी हजारो डॉलर मोजतात. सह्या आहेत नील आर्मस्ट्राँग, मायकेल कॉलिन्स आणि बझ ऑल्ड्रिन यांच्या.

१९६९ सालचा उन्हाळा. अपोलो ११ सुटायला थोडेच दिवस उरले होते. जेमतेम अडीच वर्षांपूर्वी, जानेवारी १९६७ मध्ये, अपोलो १ च्या यानात चाचणी सुरू असताना आग लागली होती आणि तीन अंतराळवीर जमिनीवरच गेले होते. चंद्रावर निघालेल्या माणसाला मोठ्या रकमेचा विमा मिळणं सोपं नव्हतं. घरी बायको होती, शाळेत जाणारी मुलं होती. आपण परत आलो नाही तर त्यांचं काय?

या प्रश्नाला तिघांनी जे उत्तर शोधलं, ते आजही अंगावर येतं. उड्डाणाआधीच्या विलगीकरणात बसून त्यांनी शेकडो पाकिटांवर सह्या केल्या. ती विश्वासातल्या माणसाकडे सोपवली. १६ जुलैला यान सुटलं, २० जुलैला चंद्रावर उतरलं. त्या त्या दिवशी ही पाकिटं टपाल कार्यालयात नेऊन त्यांच्यावर तारखेचे शिक्के मारून घेतले गेले आणि मग ती तिघांच्या घरी पोचली. तिघं परतले नसते, तर घरच्यांनी ती विकायची होती.

२४ जुलैला तिघंही सुखरूप परतले. पाकिटं घरात पडून राहिली. लिलावांत ती दिसू लागली १९९० च्या दशकात. संग्राहक त्यांना ‘इन्शुरन्स कव्हर’ म्हणतात. अपोलो १६ पर्यंतच्या वीरांनी अशी पाकिटं मागे ठेवली होती. या छंदातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती असं कुणी मला विचारलं, तर मी चंद्राच्या धुळीकडे नाही, या पाकिटांकडे बोट दाखवेन.

दृश्य: अपोलो १५ चं उड्डाण. २६ जुलै १९७१.

दोन वर्षांनी पाकिटांचीच आणखी एक गोष्ट घडली. तिचा शेवट इतका गोड झाला नाही.

डेव्हिड स्कॉट, अल्फ्रेड वॉर्डन आणि जेम्स आयर्विन यांनी चारशेच्या आसपास पाकिटं बरोबर नेली. ती चंद्राच्या पृष्ठभागापर्यंत जाऊन परत आली. पण खासगी सामानाच्या मंजूर यादीत त्यांची नोंदच नव्हती. त्यातली शंभर पाकिटं हरमान झीगर या जर्मन तिकीट व्यापाऱ्याकडे गेली. त्याने ती प्रत्येकी सुमारे दीड हजार डॉलरला विकली. अंतराळवीरांना प्रत्येकी सात हजार डॉलर मिळायचे होते. कशासाठी? मुलांच्या नावाने पैसा बाजूला ठेवता यावा म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं.

पुढे त्यांनी ते पैसे परत केले. पण १९७२ मध्ये प्रकरण बाहेर आलं, नासाने तिघांवर ठपका ठेवला आणि उरलेली पाकिटं ताब्यात घेतली. तिघांपैकी कुणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही.

याच मोहिमेत स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून कॅमेऱ्यासमोर एका पाकिटावर शिक्का मारला होता, अमेरिकी टपाल खात्यासाठी, रीतसर परवानगीने. ते पाकीट राष्ट्रीय ठेवा ठरलं. त्याच यानातल्या बाकीच्या पाकिटांनी तीन माणसांची अंतराळातली कारकीर्द संपवली. नियम मोडला होता, यात वाद नाही. शिक्षा मात्र गुन्ह्याहून मोठी होती, असं मला वाटतं.

१९८३ मध्ये नासाच्या चॅलेंजर या अंतराळ शटलमधून टपाल खात्याची सुमारे २,६०,००० पाकिटं अंतराळात गेली. ती लोकांना विकायची होती, सरकारी संमतीने! वॉर्डन यांनी दावा लावला आणि जप्त केलेली पाकिटं त्याच वर्षी परत मिळवली.

दृश्य: दोन छायाचित्रं शेजारी शेजारी. दोन्हींवर एकसारखी सही.

आता सहीबद्दल. नासाकडे सह्यांसाठी पत्रांचा ढीग यायचा. इतक्या सह्या हाताने करणं अशक्य, म्हणून ऑटोपेन वापरलं जाई. हे यंत्र साच्यावरून खऱ्या पेनाने सही करतं. शाई खरी, कागद खरा, पण हात माणसाचा नाही. ओळखायचं कसं? माणूस स्वतःची सही दोनदा तंतोतंत सारखी करत नाही. दोन सह्या एकावर एक ठेवल्या आणि रेघ न् रेघ जुळली, तर ते यंत्राचं काम.

आर्मस्ट्राँग यांनी १९९४ च्या सुमारास सह्या देणंच थांबवलं. आपण फुकट दिलेल्या सह्या विकल्या जातात आणि खोट्याही फिरतात, हे त्यांना कळलं होतं. त्यानंतर किमती आणखी चढल्या, बनावट सह्याही वाढल्या. म्हणून जाणता संग्राहक सहीबरोबर तिची वंशावळही मागतो. ही कुणी घेतली, कुठे, कुणाकडून कुणाकडे आली?

ही वंशावळ तुटली की काय होतं, ते एका पिशवीने दाखवलं. अपोलो ११ मध्ये चंद्रावरची माती भरलेली ती पिशवी नोंदींच्या घोळात भलत्याच नावाखाली सरकारी लिलावात गेली आणि २०१५ मध्ये ९९५ डॉलरला विकली गेली. घेणाऱ्या बाईंनी ती तपासायला नासाकडे पाठवली, तर नासाने ती ठेवूनच घेतली. प्रकरण न्यायालयात गेलं, बाई जिंकल्या. २० जुलै २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात तिला १८ लाख डॉलर मिळाले.

दृश्य: मुंबई, जुनी कृष्णधवल छायाचित्रं.

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं नाही. युरी गागारिन १९६१ मध्ये मुंबईत येऊन गेले. ऑक्टोबर १९६९ मध्ये जगाच्या दौऱ्यावर निघालेले अपोलो ११ चे तिघंही मुंबईत आले. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून झेपावले, तेव्हाची पाकिटं आणि तिकिटं आपल्याकडच्या कितीतरी तिकीटसंग्रहांत असतील.

तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं, तर लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. सही उन्हात टांगू नका, शाई उडते. आणि घरातल्या ज्या माणसाला ती सही कशी मिळाली हे आठवतंय, त्याच्याजवळ आजच बसा. कुणी घेतली, कुठे, कोणत्या साली, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून घ्या आणि तो कागद तिच्याबरोबरच ठेवा.