लढाऊ विमानांचे बदलते रूप

मंडळी, वेंगुर्ल्याहून गोव्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने दाबोळीजवळचे नौदलाचे हवाई संग्रहालय पाहावे आणि तिथल्या 'सी हॉक'समोर थोडा वेळ उभे राहावे. ज्याचा पहिला नमुना १९४७ साली उडाला, त्या या ब्रिटिश विमानाने १९७१च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून झेपावून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. त्याच्या शेपटीकडे गेलात, तर एरवी जेट विमानाच्या मागे असणारे मोठे तोंड तिथे दिसणार नाही. एकाच इंजिनाचा झोत आतल्या आत दुभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही अंगांनी बाहेर सोडलेला आहे. त्यामुळे झोताची नळी आखूड झाली, मागच्या भागात इंधनाला जागा मिळाली आणि नाकापासून शेपटीपर्यंतची रेषा कुठेही न तुटता निमुळती होत गेली. आपल्या नौदलाने उडवलेल्या विमानांत इतकी देखणी रेषा मला तरी दुसरी दिसत नाही, आणि ती शोभेसाठी काढलेली नाही, याचे मला अधिक अप्रूप वाटते.

१९३६ साली उडालेल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या लंबवर्तुळाकार पंखांचेही तसेच आहे. हवेचा अवरोध कमी व्हावा म्हणून पंख पातळ हवा होता, आणि त्याच पंखात मिटलेली चाके व बंदुकाही मावायला हव्या होत्या. लंबवर्तुळाने दोन्ही साधले, म्हणून हा आकार कारखान्यात घडवायला किचकट असूनही टिकला.

खरी कलाटणी ध्वनीच्या वेगापाशी मिळाली. आपल्याकडचे होडी बांधणारे कारागीर पाण्याची चाल नजरेने ओळखतात. या वेगाजवळ मात्र हवा अशी वागते की नजर फसते. १९५३मध्ये अमेरिकेच्या एफ-१०२ या लढाऊ विमानाचा पहिला नमुना सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडू शकला नाही. रिचर्ड व्हिटकॉम या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिले होते की, पंख आणि धड मिळून होणारे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ विमानाच्या लांबीभर अलगद बदलले पाहिजे. म्हणून जिथे पंख फुटतात तिथे धड आवळायचे. विमानाला कंबर आली आणि सुधारित नमुन्याने तो वेग पार केला. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला घडलेल्या, १९६१ साली उडालेल्या आपल्या 'मारुत' या लढाऊ जेटलाही ही कंबर आहे.

त्यानंतर आकार ठरवायला रडार आले. रडारला दिसू नये म्हणून घडवलेले, १९८१मध्ये उडालेले अमेरिकेचे एफ-११७ सपाट पैलूंचे, टोकदार आणि अनेकांच्या मते कुरूप आहे. तेव्हाच्या संगणकांना रडारलहरींचे परावर्तन सपाट पृष्ठभागांपुरतेच हिशेबात घेता येत होते, म्हणून ते तसे झाले. मला ते कुरूप वाटत नाही. ज्या गणिताने ते घडले ते त्याच्या अंगावर उघड वाचता येते. पुढे संगणकांची ताकद वाढली, आणि १९८९मध्ये उडालेल्या बी-२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानात वक्ररेषा परत आली. तिचा बाक ठरवताना हवेइतकाच, लहर शत्रूच्या रडारकडे परत जाऊ नये याचाही विचार झालेला आहे.