आरशाशी भांडण

मित्रहो, पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय 'कला, मानव्यविद्या आणि समाज' असा छापला आहे. तिन्हींवर बोलायचं मी कबूल केलंय, तेव्हा बोलेन. पण आधी एक जुनं भांडण मिटवून घेतो. शाळेत आपण सगळ्यांनी निबंध लिहिलाय, की साहित्य हा समाजाचा आरसा आहे. हा आरसा मला कधीच पटलेला नाही. आरशासमोर उभं राहिलं की प्रतिबिंब त्याच क्षणी दिसतं. कलेला वेळ लागतो. कधी महिने लागतात, कधी पंधरा-वीस वर्षं, कधी एक आयुष्यही पुरत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की अनुभवाचं जे काही व्हायचं असतं ते या मधल्या काळातच होतं.

हे बोलायला निमित्त झालं २०२० सालचं. महासाथ सुरू होऊन पुरते चार महिने झाले नव्हते आणि जो तो विचारायला लागला, या काळाची मोठी कलाकृती कुठे आहे? मलाही एका ठिकाणाहून निरोप आला: विषय 'महासाथ आणि समाजमन', आठवड्याभरात लेखन पाठवा. मला फार राग आला होता. लोक अजून आपल्या माणसांचा शोक करत होते. ज्यांना शेवटचं भेटताही आलं नाही त्यांना अजून ते खरंच वाटत नव्हतं. अशा वेळी कलेकडे तातडीचा अहवाल मागणं म्हणजे ती काय काम करते हेच न कळणं.

म्हणून आज तुम्हाला केथे कोल्वित्झ या जर्मन चित्रकर्तीची गोष्ट सांगायची आहे. तिचा नवरा कार्ल डॉक्टर, बर्लिनच्या गरीब वस्तीत दवाखाना चालवायचा. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा होता. सैन्यात स्वेच्छेनं जायचं तर वडिलांची परवानगी लागत होती. कार्ल नाही म्हणाला. पीटरनं आईकडे पाहिलं, आणि आईनं नवऱ्याची समजूत घातली. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला.

(थोडं थांबतो, मागे ऐकू येतंय ना? पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या. पहिल्या रांगेत बसणाऱ्याला मी प्रश्न विचारत नाही.)

त्याच वर्षीच्या डिसेंबरात केथेनं पीटरच्या स्मारकाचं काम मनाशी धरलं. पहिली कल्पना अशी होती: मुलाचं शरीर आडवं पसरलेलं, डोक्याशी वडील, पायाशी आई. तिनं काम केलं, बदललं, पुन्हा केलं. १९१९ मध्ये ते बाजूलाच ठेवून दिलं. मधल्या काळात युद्धावरची लाकडी ठशांची मालिका कोरली. त्यातल्या एका ठशात एक उघडी आई तान्हं मूल दोन्ही हातांवर पुढे धरते. त्या ठशाचं नाव 'बळी'. परवानगी कोणी मिळवून दिली होती, हे आठवून तो ठसा बघा. मग पुन्हा स्मारकाकडे वळली. १९३२ साली, म्हणजे मुलाच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, ग्रॅनाइटमधलं ते शिल्प बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमीत उभं राहिलं.

आता नीट बघा काय उभं राहिलं. मुलगा नाही. फक्त आईवडील, दोघंही गुडघ्यांवर. दोघांचे चौथरे वेगळे, मध्ये मोकळी जागा. वडील ताठ, हात स्वतःच्याच छातीभोवती घट्ट आवळलेले. आई पुढे वाकलेली. ते एकमेकांना धरत नाहीत, एकमेकांकडे बघतही नाहीत. १९१४ मध्ये तिला मेलेला मुलगा दाखवायचा होता. १९३२ मध्ये तिनं मागे राहिलेली माणसं दाखवली आणि समोर दफनभूमीतली सगळ्यांची मुलं राहू दिली. हा बदल आठवड्याभरात झाला नसता. तो होण्यासाठी तिला अठरा वर्षं त्या घरात राहावं लागलं.

आणि हेही लक्षात घ्या की शिल्प उभं राहिलं त्याच्या पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि तिला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिचा नातू मारला गेला. त्याचंही नाव पीटर होतं. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी मला थोडं थांबावं लागतं.

स्पॅनिश चित्रकार गोयाचं तर याहून विचित्र. नेपोलियनच्या सैन्यानं स्पेन व्यापला तेव्हा त्यानं जे पाहिलं, ऐकलं, ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरायला १८१० मध्ये घेतलं. एका चित्रात गुडघे टेकून विनवणारी माणसं आहेत, आणि उजव्या कडेनं नुसती संगिनींची टोकं आत आली आहेत. मारणारा चौकटीत नाहीच. गोया १८२८ मध्ये वारला. ही मालिका त्याच्या हयातीत छापली गेलीच नाही, ती आली १८६३ मध्ये. ज्या समाजाचं हे चित्रण, त्यातली बहुतेक माणसं तोवर गेलेली होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतात. ठीक आहे, आता भराभर.

पहिला आक्षेप तुम्ही घेणार, मग 'गेर्निका'चं काय? स्पेनमधल्या गेर्निका गावावरचा बॉम्बहल्ला २६ एप्रिल १९३७ चा आणि त्यावरचं पिकासोचं चित्र जूनमध्ये पुरं. खरं आहे. पण त्यातला बैल, घोडा, दिवा धरलेली बाई हे सगळं त्याच्या आधीच्या कामात येऊन गेलेलं होतं. हात कित्येक वर्षं तयार होत होता. शिवाय चित्रात विमान नाही, बॉम्बही नाही. आरसा असता तर आधी तेच दिसलं असतं.

दुसरा मुद्दा मानव्यविद्यांचा, जो खरं तर निम्मं व्याख्यान व्हायला हवा होता. कोल्वित्झकडे छिन्नी होती, गोयाकडे तांबं होतं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्या अनुभवाचं काय? तिथे इतिहासकार लागतो. सोळाव्या शतकात इटलीच्या उत्तरेला दोमेनिको स्कांदेल्ला नावाचा एक गिरणीवाला होता, लोक त्याला मेनोकिओ म्हणत. दुधातून चीज व्हावं तसं जग घडलं आणि त्यातल्या किड्यांचे देवदूत झाले, असं तो लोकांना सांगत फिरायचा. धर्मन्यायालयानं त्याच्यावर दोनदा खटला चालवला आणि शेवटी त्याला मृत्युदंड दिला. कारकुनानं त्याचं बोलणं उतरवून घेतलं ते त्याला दोषी ठरवण्यासाठी. विसाव्या शतकात एका इतिहासकारानं तीच कागदपत्रं उलट्या दिशेनं वाचली: हा माणूस काय वाचत होता, वाचलेल्याचं काय करत होता, सत्तेपुढेही तो गप्प का बसला नाही. चारशे वर्षांनी त्याला ऐकणारा मिळाला. मानव्यविद्यांचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. त्या नसत्या तर मेनोकिओबद्दलचं शेवटचं मत त्याच्या न्यायाधीशांचं राहिलं असतं.

तिसरं आणि महत्त्वाचं. महासाथीची कलाकृती कुठे, असं आज विचारू नका. त्याऐवजी त्या काळातली पत्रं, टिपणं, फोनमधले आवाज, दवाखान्यांच्या नोंदी जपून ठेवायची व्यवस्था कोण करतंय ते विचारा. १९१८ च्या फ्लूच्या साथीत जगभरात कोट्यवधी माणसं गेली. नॉर्वेचा चित्रकार मुंक यानं आजारपणातलं स्वतःचं चित्र १९१९ मध्ये रंगवलं, पण इतक्या मोठ्या संहाराच्या मानानं अशा कलाकृती फार थोड्या. पुढच्या पिढ्यांना त्या घरांत डोकावायला मिळालं ते जपून राहिलेल्या पत्रांतून आणि म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींतून. ग्रंथालयं आणि अभिलेखागारं यांना लागणारा पैसा मी म्हणूनच कलेवरचाच खर्च मानतो.

तत्त्वज्ञान आणि भाषाशास्त्र राहूनच गेलं. प्रश्नोत्तरांत कोणी तरी नक्की विचारा, मी थांबलो आहे.