छाटणीच्या आधी फांदी फिरवून बघा: घरच्या बागेत प्रार्थना कीटकाची पिल्लं

नमस्कार मंडळी! दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्यात गुलाबाच्या छाटणीची गडबड सुरू होते. गुलाबाबरोबर जास्वंद, कण्हेर, कढीपत्ता, सगळ्यांवरच कात्री चालते. माझी विनंती एवढीच आहे, की कापायच्या आधी प्रत्येक फांदी एकदा फिरवून बघा.

(कॅमेरा जवळ आणा) हे बघा. जास्वंदीच्या काडीला चिकटलेलं, सुपारीएवढं, फिकट तपकिरी. वरून हलकं, फेस वाळल्यासारखं दिसतंय ना? मधून एक उभी पट्टी गेलीये, तिची वीण जरा वेगळी आहे. बऱ्याच जणांना ही बुरशी वाटते, नाहीतर कुंभारमाशीचं घर, आणि फांदीसकट ते ओल्या कचऱ्यात जातं. हा प्रार्थना कीटकाचा, म्हणजे प्रेइंग मँटिसचा, अंडकोश आहे, त्याच्या अंड्यांची पिशवी. मादी पोटातून फेस सोडत जाते आणि त्यातच ओळीने अंडी घालते. तो फेस कडक होतो आणि आतली अंडी ऊन-पावसापासून जपली जातात. हा बहुतेक हायरोड्यूला या मोठ्या हिरव्या प्रार्थना कीटकाचा आहे. अशा एका अंडकोशातून शंभरावर पिल्लं निघू शकतात.

आता काय करायचं? ती फांदी ठेवता येत असेल तर काहीही करायचं नाही. मादीने जागा निवडलेली आहे, तिथेच राहू द्या. छाटावीच लागणार असेल, तर अंडकोशाच्या वर आणि खाली चार-चार बोटं काडी ठेवून कापा. खरवडून काढू नका. आणि ती काडी होती त्याच दिशेने, वरचं टोक वर ठेवून, दुसऱ्या दाट झाडाला दोऱ्याने बांधा. पिल्लं त्या मधल्या पट्टीतून बाहेर येतात, त्यामुळे ती पट्टी पानाला किंवा खोडाला टेकून बंद होता कामा नये.

पिल्लं निघताना बघायची हौस असेल, आणि मुलं घरात असतील तर ती असणारच, तर मोठी काचेची बरणी घ्या. तोंडाला मलमलचं कापड बांधा. आत दोन-तीन वाळक्या काड्या ठेवा आणि अंडकोश तळापासून वर, अधांतरी टांगा. बरणी सावलीत, दिवसातून दहा वेळा नजर पडेल अशा जागी ठेवा. एक-दोन दिवसांआड कापडावर पाण्याचा हलका फवारा. परदेशी व्हिडिओंमध्ये अंडकोश फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, ते इथे करू नका. ते बर्फ पडणाऱ्या देशांतल्या जातींसाठी आहे. आपल्याकडच्या या जातीला उबदार हवेत साधारण महिना-दीड महिना लागतो, पुण्याच्या थंडीत आणखी जास्त.

पिल्लं बहुधा सकाळी बाहेर येतात. आधी पट्टीतून फिकट पिवळे, अळीसारखे ठिपके डोकावतात, प्रत्येकाला दोन काळे डोळे. मग ती बारीक धाग्याला लोंबकळतात, एकाखाली एक, घोसच्या घोस. तिथेच लटकत पहिली कात टाकतात आणि दुमडलेले पाय मोकळे होतात. थोड्या वेळात पाय ताठ झाले की काडीवर चढायला लागतात, आणि पुढचे दोन पाय जोडलेले! पंख नसतात, पण ढब अगदी मोठ्यासारखी. हे बघताना मला आजही शब्द सुचत नाहीत.

पण त्याच दिवशी सोडा. बरणीत ठेवलीत तर भूक लागली की ती एकमेकांना खातील. ऊन उतरल्यावर, संध्याकाळी, बरणी बागेत न्या. सगळी एका कुंडीत ओतू नका. काडी हळूच झटकत एका झाडावर दोन-चार, पुढच्यावर दोन-चार, अशी पसरवा. त्याआधी मुंग्या बघा. नुकत्याच निघालेल्या पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू मुंगीच. बरणी ठेवाल त्या स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आपल्या आज्या फडताळाला करायच्या तसं. फवारणी पूर्ण बंद, कडुनिंबाचं तेलसुद्धा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण याबाबत फार चुकीचं बोललं जातं. प्रार्थना कीटक म्हणजे कीड घालवायचं औषध नाही. लहानपणी तो मावा, चिलटं, तुडतुडे खातो, हे खरं. पण मोठा झाला की मधमाशीही खातो, फुलपाखरूही खातो. त्याला हलणारं भक्ष्य हवं असतं, म्हणून झाडाला चिकटून बसलेल्या पिठ्या ढेकणाकडे तो ढुंकूनही बघत नाही. मावा आटोक्यात ठेवायला ढालकिडा (लेडीबर्ड) जास्त कामाचा. प्रार्थना कीटक बागेत असावा, तो इथलाच आहे म्हणून. त्यामुळे वेताळ टेकडीवरून किंवा तळजाईवरून अंडकोश उचलून आणू नका, आणि ऑनलाइन विकत तर मुळीच घेऊ नका. कुठली जात येईल सांगता येत नाही.

शंभरातली किती जगतील? अगदी थोडी. पाली, कोळी, वटवट्या आणि शिंपी हे पक्षी, सगळे टपलेले असतात. वाईट वाटून घेऊ नका, म्हणूनच तर मादी इतकी अंडी घालते.

दोन महिने झाले आणि काहीच निघालं नाही? अंडकोश बाजूने नीट बघा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली, तर पोडाग्रिऑन नावाच्या बारीक, चमकदार हिरव्या परजीवी माशीने आत आपली अंडी घातली होती. तरीही टाकू नका, कधीकधी उरलेल्या अंड्यांतून पिल्लं येतात.

आणि बागेत एखादं पिल्लू फांदीला उलटं, निश्चल लटकलेलं दिसलं, तर ते मेलेलं समजू नका. ते कात टाकतंय. अंग मऊ असतं, खाली पडलं तर पाय वाकडे होतात. त्या फांदीवर त्या दिवशी पाईपने पाणी मारू नका, झारीने फक्त मुळाशी घाला.