भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी

मंडळी, रंगाच्या दुकानात गेलं की दुकानदार पहिल्यांदा शेडकार्ड पुढ्यात टाकतो. आपण तिथंच, दुकानातल्या पांढऱ्याफटक उजेडात, बोटभर चौकोनाकडे बघून अख्ख्या घराचा निकाल लावतो. मुलीला ग्रे पाहिजे, वहिनींना पिस्ता पाहिजे, आजींना पांढऱ्याशिवाय काही पटत नाही. भांडण जुंपतं. रंगारी बिचारा बादली घेऊन उभा. मी म्हणतो, हे भांडण चुकीच्या टोकाला चाललंय. भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. घरात ज्या गोष्टी बदलता येत नाहीत, त्या आधी बघायच्या.

पहिली फरशी. भिंत पाच-सहा वर्षांनी पुन्हा रंगवाल, फरशी कोण उखडतंय? आपल्या भागात शहाबादी आहे, कडप्पा आहे, जुन्या घरांत तांबडा कोबा आहे, कुठं नक्षीच्या सिमेंट टाइल्स आहेत आणि नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं घातलेली क्रीम रंगाची चकचकीत फरशी. उजेड खिडकीतून येतो, आधी फरशीवर पडतो आणि तिथून भिंतीवर उडतो. उडताना फरशीचा रंग घेऊन जातो. तांबड्या कोब्यावर क्रीम भिंत खालच्या बाजूला गुलाबीसर दिसते. शहाबादीची राखाडी-हिरवट झाक असते, तिच्यावर निळसर पांढरा दिला की खोली आजारी दिसते. म्हणून शेडकार्ड घरी न्या, फरशीवर आडवं ठेवा आणि मग बोला.

दुसरी गोष्ट उजेड, आणि इथं आपला बेळगाव जिल्हा फार गमतीचा आहे. खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात सूर्य दिसेल तर शपथ. अथणी, रायबागकडे जा, डोळे दिपवणारं ऊन. मधे बेळगाव, समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर. एकाच जिल्ह्यात एकच रंग सगळ्यांना कसा चालेल? ढगाळ उजेड निळसर असतो. त्यात निळ्या झाकेचा ग्रे म्हणजे जून ते सप्टेंबर घरात ओल्या पाटीसारखं वाटणार. खानापूरवाल्यांनी पिवडीची (पिवळ्या मातीची) किंवा कावेची (गेरूची) किंचित झाक असलेला पांढरा घ्यावा. अथणीवाल्यांनी मात्र खुशाल फिका हिरवा, राखाडी घ्यावा. तिथं शुभ्र पांढऱ्या भिंतीचा डोळ्यांना त्रासच होतो. रात्रीच्या दिव्यांचंही तेच. 6500 केल्विनचा पांढरा बल्ब तुमच्या बदामी रंगाची माती करतो, तोच रंग 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली खुलतो. दिवे बदलायचे असतील तर रंगाआधी बदला.

आता कापड. पडदे, चादरी, उशा. शहापूर, वडगाव, खासबागची विणकर मंडळी इथं बसलीत, त्यांच्यासमोर मी रंगाच्या शेजाराबद्दल काय बोलणार! पण एक किस्सा त्यांच्याच धंद्यातला आहे. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात 1824 साली शेव्ह्रोल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागावर नेमले गेले. तक्रार आली की काळं सूत फिकं पडतं. त्यांनी तपासलं तर सुतात, रंगात खोट काहीच नव्हती. काळं सूत निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणलं जात होतं, म्हणून डोळ्याला मळकट दिसत होतं. 1839 साली त्यांनी यावर मोठा ग्रंथच काढला. सार हेच, की रंग एकटा कधी दिसत नाही. तुमची मोरपंखी चादर शेजारच्या पिवळ्या भिंतीला आणखी पिवळं करते. म्हणून खोलीत जे कापड राहणार आहे, त्याचा तुकडा शेडकार्डाशेजारी ठेवल्याशिवाय डबा फोडू नका.

नक्षीबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. एका भिंतीवर वॉलपेपर, दुसरीवर टेक्स्चर, सोफ्यावर फुलं, पडद्यावर पानं, आणि वर पीओपीचं छत वळणावळणाचं! अशा हॉलमध्ये पाहुण्याला चहा कुठं ठेवावा कळत नाही. त्यापेक्षा आपली इरकल साडी बघा. अंग साधं, नाहीतर बारीक चौकडीचं. सगळा थाट काठाला आणि टोपपदराला. काठ ठसठशीत दिसतो तो अंग शांत आहे म्हणून. खोलीतही मोठी नक्षी एकाच जागी घ्या. दुसरी घ्यायचीच तर तिचा आकार एकदम लहान ठेवा, पण दोघींत एक रंग सामाईक असू द्या. सारख्याच मापाच्या दोन नक्ष्या आल्या की मारामारी. खणाच्या उशा सध्या घरोघरी दिसतात, छानच दिसतात, पण चार पुरे. चौदा झाल्या की दुकान वाटतं.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती कितीजणांनी मान वर करून बघितलीय? 1204 सालचं ते जैन मंदिर. मंडपाच्या छताला दगडी कमळ उलटं लटकतंय, नजर आपोआप तिथंच जाते. नक्षी सगळीकडे सारखी उधळलेली नाही, तिला मध्यबिंदू दिलाय. घरातही आधी ठरवा की दारातून आत आल्यावर नजर कुठं जावी: देवघराकडे, झोपाळ्याकडे की खिडकीतल्या आंब्याच्या झाडाकडे. टीव्हीमागच्या भिंतीला गडद रंग द्यायची पद्धत पडलीय, ती मला पटत नाही. घरातली सगळ्यात कुरूप वस्तू आपण चौकट करून दाखवतो.

जुन्या घरांत भिंतीचा खालचा तीनेक फूट पट्टा गडद असायचा, वर काळी रेघ आणि त्यावर चुना. हल्ली लोक त्याला सरकारी ऑफिस म्हणतात. पण मुलांचे हात, खाटेची पाठ, पोछ्याचे शिंतोडे सगळं त्या पट्ट्यात जिरायचं. जिन्यात आणि पडवीत तो आजही द्यावा. चुन्यात नीळ घालायची तीही उगाच नाही. चुन्याचा पिवळटपणा निळीनं मरतो आणि भिंत जास्त पांढरी भासते.

रंग जवळपास ठरला की दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा भिंतीभिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर बघा. एक ध्यानात ठेवा, चारी भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे खोलीत रंग पुठ्ठ्यापेक्षा गडद होतो. एक पायरी फिकाच घ्या.

आणि दिवाळीचं. आपल्याकडे दसरा झाला की रंगाऱ्यामागं धावाधाव. चार महिने पाऊस प्यायलेली जांभ्या दगडाची भिंत, तिच्यावर घाईघाईनं प्लास्टिक पेंट चढवायचा, म्हणजे आतली ओल कोंडते आणि पुढच्या पावसाळ्याआधी पापुद्रे निघतात. मग दोष रंगाच्या कंपनीला. खानापूरकडच्यांनी दिवाळीला घर झाडून स्वच्छ करावं, तोरण लावावं, आणि रंगारी संक्रांतीनंतर बोलवावा. तेव्हा तो कमी पैशातही येतो.