फोर्सिथिया ते गणपती: लॉनमधल्या क्रॅबग्रासचा बंदोबस्त

नमस्कार मंडळी.

मार्च निम्मा होत आला. न्यू जर्सीत एडिसन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या बाजूला ज्यांची घरं आहेत, त्यांच्या पोस्टाच्या पेटीत या आठवड्यात लॉनच्या कंत्राटांची पत्रकं येऊन पडली असतील. आमच्याकडे तीन आली. वर्षाला पाच-सहा फवारण्या, महिन्याला हप्ता, आणि क्रॅबग्रास, म्हणजे लॉनमध्ये आडवं पसरणारं ते तण, जाणारच अशी हमी. ती पत्रकं जरा बाजूला ठेवा आणि मला दहा मिनिटं द्या. क्रॅबग्रास रोखायला थोडेच पैसे लागतात. फक्त ते ज्या आठवड्यात खर्चायचे त्याच आठवड्यात खर्चावे लागतात. आणि त्यातला मोठा वाटा औषधावर घालायचा नसतो, बियाण्यावर घालायचा असतो. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

हे तण एका वर्षाचं आहे. जुलैत तुम्हाला जे पसरलेलं दिसतं, त्यातलं एकही रोप मागच्या वर्षीचं नसतं. मागच्या वर्षीची सगळी पहिल्या कडक हिमाने मेलेली असतात. जाताना ती बी टाकून जातात. एका जोमदार रोपाला दीड लाखापर्यंत बी धरतं, आणि ते मातीत काही वर्षं तग धरून राहतं. वसंतात वरच्या दोन इंच मातीचं तापमान चार-पाच दिवस सलग 55 अंश फॅरनहाइटच्या आसपास राहिलं की ते उगवायला लागतं. पण त्याला ऊब पुरत नाही, ऊनही लागतं. दाट गवताच्या सावलीत ते उगवत नाही, उगवलं तर टिकत नाही. म्हणून ते कुठे दिसतं बघा: ड्राइव्हवेच्या कडेला, फुटपाथला लागून, दक्षिणेकडच्या उतारावर, नाहीतर जिथे गवत विरळ होऊन माती दिसते तिथे. डांबराच्या कडेची माती आधी तापते. मॅपलच्या सावलीत मी आजवर क्रॅबग्रास पाहिलेलं नाही.

यातूनच पहिली बचत निघते. उगवणीआधीचं औषध, दुकानात ज्याला प्री-इमर्जंट म्हणतात, ते सगळ्या लॉनवर टाकायची गरज नाही. कडेची दोन-तीन फुटांची पट्टी आणि मागच्या उन्हाळ्यात जिथे तण माजलं होतं ते तुकडे, एवढं पुरे. खरेदीच्या आधी टेप घेऊन मोजा. आपण प्लॉटचा आकार डोक्यात धरतो, पण त्यात घर आलं, ड्राइव्हवे आला, डेक आलं. बहुतेक पिशव्या 5,000 चौरस फुटांच्या असतात. नुसती पट्टी मोजली तर एक पिशवी दोन वर्षं जाऊ शकते, कोरड्या जागी तोंड घट्ट बांधून ठेवली तर. पिशवीवरचं नाव बघू नका, मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं मुख्य द्रव्य बघा: प्रोडायमीन, पेंडिमेथालिन किंवा डायथायोपायर. द्रव्य आणि त्याचं प्रमाण तेच असेल तर स्वस्त पिशवी घ्या.

औषध बी मारत नाही. बी उगवून मूळ फुटायला लागलं की त्या मुळाची वाढ खुंटवतं. म्हणून ते आधी मातीत असायला हवं. टाकल्यावर अर्धा इंच पाणी द्या किंवा पावसाच्या आदल्या दिवशी टाका. धो धो पाऊस सांगितला असेल तर मात्र थांबा. ड्राइव्हवेवर पडलेले दाणे केरसुणीने परत गवतात लोटा, नाहीतर ते रस्त्यावरच्या गटारातून थेट रॅरिटन नदीत जातात. मुलं आणि कुत्री पाणी सुकेपर्यंत आत. स्प्रेडर, म्हणजे दाणे पसरायची गाडी, विकत घेऊ नका, शेजाऱ्याकडे असतोच. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू चार घरांत एक पुरते.

आता वेळ. आपल्याकडे काही जण पाडव्याचा हिशेब धरतात. तो इथे चालत नाही. पाडवा कधी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, कधी एप्रिलच्या दुसऱ्या. तारखेवर जाऊ नका, फोर्सिथियाकडे बघा. फोर्सिथिया म्हणजे पानं फुटायच्या आधीच पिवळ्याधमक फुलांनी भरून जाणारं ते झुडूप, प्रत्येक गल्लीत एखादं असतंच. ते पूर्ण फुललं की औषध टाकायचं, फुलं गळायच्या आत. खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातला थर्मामीटर सकाळी दोन इंच मातीत खुपसून बघा.

एप्रिलच्या सुरुवातीला गवतात रुंद पात्यांचे, गर्द हिरवे झुपके दिसतात. त्यांना क्रॅबग्रास समजून औषध मारू नका. ते क्रॅबग्रास असूच शकत नाही, कारण ते अजून उगवलेलंच नसतं. बहुधा फेस्क्यू या लॉनच्याच गवताचे जुने झुपके असतात. आणि मक्याच्या ग्लूटेनबद्दल बऱ्याच जणी विचारतात. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आलेला तो उगवणीआधीचा नैसर्गिक उपाय आहे, त्यात नत्र म्हणजे नायट्रोजनही असतं. पण 1,000 चौरस फुटांना 20 पाउंड टाकावं लागतं, म्हणजे 5,000 फुटांना 100 पाउंड. नैसर्गिकच हवं असेल तर जरूर घ्या. कमी पैशांत भागवायचं असेल तर तो रस्ता नाही.

औषधापेक्षा मोठी गोष्ट फुकट आहे: मोअरची उंची. आम्ही या घरात आलो तेव्हा दोन वर्षं मी गवत दीड इंचावर कापत होते. छोटं कापलं की नीटनेटकं दिसतं आणि पुढच्या आठवड्यात कापावं लागत नाही, असा हिशेब होता. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये समोरच्या अंगणात निम्मं क्रॅबग्रास होतं. आता साडेतीन इंच ठेवते. मोअर ड्राइव्हवेवर उभा करा, बॅटरी काढा किंवा प्लगची वायर सोडवा, आणि जमिनीपासून पात्यापर्यंत पट्टीने मोजा. लिव्हरवरच्या आकड्यावर जाऊ नका. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, आणि कापलेलं गवत पिशवीत भरायचं नाही, तिथेच पडू द्यायचं. वर्षाच्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा त्यातून परत मिळतो. तेवढं खत विकत घ्यायचं वाचलं. पाणी रोज थोडं थोडं घालू नका. वरची माती कायम ओली राहिली की तणाचंच फावतं. आठवड्यातून एकदा-दोनदा, मिळून एक इंच. रिकामा डबा गवतात ठेवला की इंच कळतो.

तरी जूनमध्ये थोडं उगवतंच. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, साताऱ्याकडे त्यांनी जन्मभर शेती केली. एका जूनमध्ये ते इथे आले होते. सकाळी चहा झाला की ड्राइव्हवेच्या कडेला उकिडवे बसायचे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, माती वाफशावर असताना. मला म्हणाले, "तीन पानांवर असताना दोन बोटांनी येतं बघ. पुढे खुरपं लागतं, आणि त्याच्या पुढे कुदळ." त्यांनी एक मोठं रोप उचलून दाखवलं. पोपटी पान, बुडाशी जांभळट झाक, आणि खेकड्याच्या पायांसारख्या चहूकडे आडव्या गेलेल्या फांद्या. फांदीचं प्रत्येक पेर जिथे मातीला टेकलं होतं तिथे नवी मुळं फुटलेली होती. वरून ओढलं तर फांदी तुटते आणि पेर मातीत राहतं. म्हणून बुडाशी, मधोमध धरायचं.

ऑगस्टअखेर जे मोठं झालेलं उरलं असेल, त्यावर औषध मारण्यात एक डॉलरही घालू नका. थंडी ते फुकट मारणार आहे. बी धरलेले तुरे काढता आले तर काढा. ते पैसे बियाण्याला ठेवा.

कारण खरं काम शरदात आहे. ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथली माती कोमट असते, हवा उतरलेली असते, आणि क्रॅबग्रास संपत आलेलं असतं. पाडव्याचा हिशेब जमत नाही, पण गणपतीचा जमतो. गणपती कितीही पुढेमागे झाले तरी ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा तिसरा, याच्या जवळपास बसतात, आणि हेच पेरणीचे दिवस. विरळ लॉन दाट करायला 1,000 चौरस फुटांना साधारण चार पाउंड टॉल फेस्क्यू, उघड्या मातीवर सहा ते आठ. पिशवीवरचं लेबल वाचा. स्वस्त मिश्रणात वार्षिक रायग्रास बरंच असतं. ते भराभर हिरवं होतं, पुढच्या उन्हाळ्यात मरतं, आणि त्या जागी पुन्हा माती उघडी पडते. इथे पैसे वाचवू नका. तणाच्या बियांचं प्रमाणही तिथेच छापलेलं असतं, ते शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. माती दाताळ्याने खरवडा, बी टाका, पायाने हलकं दाबा, उगवेपर्यंत रोज हलकं पाणी. बाप्पा बसले त्या दिवशी पेरलंत तर अनंत चतुर्दशीपर्यंत फेस्क्यूची कोवळी लव मातीवर दिसायला लागते. ब्लूग्रासला तीन आठवडे धीर धरा.

वसंतात औषध टाकलेल्या पट्टीवर वसंतात बी पेरू नका. ते औषध आपल्या गवताचंही मूळ खुंटवतं. सप्टेंबरपर्यंत त्याचा जोर उतरतो, तरी पिशवीवर किती महिने थांबायला सांगितलंय ते बघून घ्या.

गणपतीवरून आठवलं. त्याच दिवसांत क्रॅबग्रासला तुरे येतात आणि ते दूर्वांच्या तुऱ्यांसारखेच दिसतात, एका टोकावर बोटं पसरल्यासारखे. एका वर्षी आरतीच्या आधी माझ्या भाचीने मूठभर खुडून आणले, मोठ्या भक्तिभावाने. दूर्वांचं पान बारीक, गर्द आणि ताठ असतं. याचं रुंद आणि पोपटी, पुष्कळदा हाताला केसाळ लागतं. मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.

या आठवड्यात करण्यासारखं काम म्हणजे माती तपासणी. न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे, फी माफक आहे, आणि चुना लागतो की नाही, स्फुरद म्हणजे फॉस्फरस लागतं की नाही ते कळतं. आपल्या राज्यात लॉनला स्फुरदाचं खत तपासणीत गरज निघाल्याशिवाय टाकता येत नाही. नवीन लॉनची गोष्ट वेगळी. मातीचा नमुना पाच-सहा ठिकाणचा घ्या, एकत्र कालवा आणि सुकवून पाठवा.

आमच्या कोपऱ्यावरच्या फोर्सिथियाला आज सकाळी टपोऱ्या कळ्या होत्या, पिवळा रंग अजून दिसत नव्हता. म्हणजे टेप घेऊन कडा मोजायला सवड आहे.

नमस्कार.