हौशी या शब्दासाठी

मंडळी, आपल्याकडे ‘हौशी’ म्हटलं की लोकांना पाठांतर कच्चं असलेलं नाटक आठवतं. या शब्दाची ही हेटाळणी मला सहन होत नाही. म्हणून आज टोनी ब्रूक्स, मोटारशर्यतीतला इंग्लिश ड्रायव्हर.

1955चा ऑक्टोबर. ब्रूक्स 23 वर्षांचा, मँचेस्टरला दंतवैद्यकी शिकणारा. शेवटची परीक्षा जवळ आलेली. सभागृहात कुणी दंतवैद्य असतील तर त्यांनी सांगावं, त्या दिवसांत तुम्हाला घरच्यांनी सिनेमाला तरी सोडलं असतं का? हा निघाला सिसिलीला, सिराक्यूजच्या शर्यतीला! विमानात मांडीवर पुस्तकं. फॉर्म्युला वनची गाडी त्याने तोवर शर्यतीत चालवलेलीच नव्हती. बोलावणारी कॉनॉट ही छोटी इंग्लिश कंपनी, कायम पैशाच्या विवंचनेत. तिच्या गाड्या पोचायला उशीर झाला, तर पठ्ठ्याने स्कूटरवरून फिरून रस्ता पाठ केला. दगडी भिंतींमधून जाणारा रस्ता, चुकीला जागा नाही. गाडी मोडू नये म्हणून सरावाच्या फेऱ्याही मोजक्याच.

आणि समोर कोण? मासेराटी या इटालियन कंपनीचा खुद्द कारखान्याचा संघ! मुस्सो, व्हिलोरेसी हे त्याचे ड्रायव्हर. ब्रूक्सने काही फेऱ्या त्यांचा अंदाज घेतला, मग पुढे गेला तो गेलाच. मुस्सो जवळजवळ मिनिटभर मागे राहिला. ब्रिटिश गाडीतून ब्रिटिश माणसाने ग्रां प्री, म्हणजे मोठी मोटारशर्यत, जिंकली ती 1924मधल्या हेन्री सीग्रेव्हच्या विजयानंतर पहिल्यांदा. परतीच्या विमानात पुन्हा पुस्तकं. हे मी कितीदाही सांगू शकतो...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. चार मिनिटं. खरा मुद्दा राहिलाच की!

तो असा. 1956मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला त्याच्या बीआरएम गाडीचा थ्रॉटल, म्हणजे वेग देणारी झडप, अडकला, गाडी उलटून पेटली. 1957मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीत पुन्हा अपघात. दोन्हीकडे गाडी बिघडलीय हे ठाऊक असून हा चालवत राहिला होता. तो श्रद्धाळू कॅथलिक. देवाने दिलेला जीव असा डावावर लावायचा आपल्याला हक्क नाही, असं ठरवून त्याने पुढे बिघडलेली गाडी न पळवण्याचा नेम केला. त्यानंतर 1958मध्ये स्पा, नुर्बर्गरिंग, मोंझा इथल्या शर्यती जिंकल्या, म्हणजे वेग कुठे कमी झाला नाही.

डिसेंबर 1959, अमेरिकेतलं सेब्रिंग, मोसमातली शेवटची शर्यत. फेरारीत बसलेला, जगज्जेतेपदाची आशा शिल्लक. पहिल्याच फेरीत त्याच्याच संघातल्या फॉन ट्रिप्सने मागून धडक दिली. ब्रूक्स गाडी तपासायला पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या जागेत, वळला. काही मोडलं नव्हतं. दोन मिनिटांहून अधिक गेली, तिसरा आला, जगज्जेतेपद जॅक ब्रॅबहॅमला. लोक याला कच खाणं म्हणतात. मी म्हणतो, त्या वळण्याला सिराक्यूजपेक्षा जास्त धैर्य लागलं. शर्यत हेच ज्याचं सर्वस्व, त्याचा पाय तिथे ब्रेकवर जात नाही. ब्रूक्सचा गेला, कारण त्याच्यासाठी शर्यत ही हौस होती.

संपवतो. मुस्सो 1958मध्ये फ्रान्समधल्या रॅन्सच्या शर्यतीत मेला. फॉन ट्रिप्स 1961मध्ये मोंझाला. त्याच वर्षी ब्रूक्स थांबला, वेब्रिजला गॅरेज चालवू लागला. 2022मध्ये वारला, तेव्हा नव्वदीचा होता.