सहीमुळे अमेरिकेतला अर्ज परत आला? आधी आय-९४ची तारीख बघा

नमस्कार मंडळी. दर उन्हाळ्यात बडोद्याच्या मराठी घरांतून आजी-आजोबांची एक फळी अमेरिकेला रवाना होते. पूर्वी दांडिया बाजार, रावपुरा. हल्ली मांजलपूरकडची मंडळी जास्त. नातवंडाचं बारसं होतं, थंडी सुरू होते, सहा महिने संपत येतात, आणि सून म्हणते, आई, अजून थोडं राहा ना. मग मुदत वाढवून घ्यायचा अर्ज, म्हणजे आय-५३९ फॉर्म, कागदावर भरून टपालाने जातो. आणि काही दिवसांनी अख्खं पाकीट घरी परत. कारण? सही नाही. किंवा सही आहे, पण चालणारी नाही.

[नोटिशीचा नमुना कॅमेऱ्यासमोर धरून]

पाकिटावर हा कागद असतो, आय-७९७सी. यात पहिल्यांदा बघायचं ते हे, की अर्ज परत पाठवलाय की फेटाळलाय. यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज बघणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परत पाठवलाय म्हणजे कुठल्याही अधिकाऱ्याने तुमचं म्हणणं वाचलेलंच नाही. टपाल जिथे उघडतात त्या लॉकबॉक्स केंद्रातच सही, फी, फॉर्मची आवृत्ती बघतात आणि तिथेच पाकीट बाजूला काढतात. फी घेतली जात नाही. नावावर ठपका नाही. याच्यावर अपील करता येत नाही, आणि करायचं कारणही नाही. दुरुस्त करून नव्याने भरायचा.

इथे लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि पाकीट शनिवार-रविवारपर्यंत टेबलावर पडून राहतं. नेमकं तेच करायचं नाही. कारण परत आलेल्या अर्जाला तारीख नसते. तुम्ही मुदतीच्या महिनाभर आधी पाठवला होता, कुरिअरची पावती आहे, सगळं खरं. पण कायद्याने तो अर्ज पोचलेलाच नाही. दुसऱ्यांदा बरोबर भरलेला अर्ज ज्या दिवशी त्यांच्या हातात पडेल, ती तारीख धरली जाते. तोपर्यंत आय-९४ संपली असेल तर?

आय-९४ म्हणजे विमानतळावर उतरताना दिलेली, कधीपर्यंत राहता येईल ती तारीख. ती ऑनलाइन बघता येते. बरेच काका मला ठामपणे सांगतात, "अहो, आमचा व्हिसा दहा वर्षांचा आहे." काका, व्हिसा दाराशी येण्याचा. आत किती राहायचं ते आय-९४ सांगते. ती तारीख उलटून राहिलात तर तोच दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांच्या वर जाऊन मग देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. उशिरा आलेला अर्ज ते माफ करू शकतात, पण त्याला आपल्या हाताबाहेरचं असामान्य कारण लागतं. सही राहून गेली, हे त्यात बसवणं कठीण आहे. माझं मत विचाराल तर त्याच्या भरवशावर राहूच नका.

आता सहीकडे. सगळ्यात जास्त चुकते ती आईची सही. आय-५३९ वर अर्जदार एक असतो, बहुतेक बाबा. आईचं नाव जोडायचं तर तिचा वेगळा आय-५३९ए लागतो, आणि त्यावर तिचीच सही. मुलगा रात्री जेवणं झाल्यावर प्रिंट काढतो, बाबांना डायनिंग टेबलाशी बसवून सह्या घेतो, आई आत बाळाला झोपवतेय. "तिची मीच करतो, तिला कशाला उठवायचं." झालं! चौदा वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडील सही करू शकतात. धडधाकट आईसाठी मुलगा करू शकत नाही.

बडोद्यात हे पटवणं अवघड जातं, कारण आपल्याकडे कुलमुखत्यारपत्रावर सगळं चालतं. मुलगा न्यू जर्सीत, फ्लॅट वासणा रोडला, विक्रीच्या कागदांवर सही वडिलांची. त्यामुळे वाटतं, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी जोडली की काम फत्ते. इमिग्रेशनच्या फॉर्मवर ती चालत नाही. अपवाद एकच, माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल तर, आणि त्यालाही कागदपत्रं लागतात.

दुसरी गंमत बँकेच्या सवयीची. आपण बडोदेकर, बँक ऑफ बडोदा याच गावात १९०८ साली सयाजीराव महाराजांनी उभी केली. नमुना सहीशी जुळली नाही तर पैसे मिळत नाहीत, हे आपल्या अंगात मुरलंय. म्हणून आजोबा हात थरथरतो म्हणून सही करायला कचरतात आणि घरातलं कोणीतरी संगणकात टाइप करून मोकळं होतं. उलटं आहे सगळं! सही वाचता आली पाहिजे अशी अट नाही. इंग्रजीत हवी असंही नाही. आजी मराठीत सही करत असतील तर मराठीत करू देत. लिहिता येत नसेल तर शाईने फुली किंवा अंगठाही चालतो. चालत नाही ते टाइप केलेलं नाव, रबरी शिक्का, यंत्राने उमटवलेली सही, आणि जुन्या कागदावरून कापून चिकटवलेलं सहीचं चित्र.

चिकटवलेल्या सहीचं एक वाईट असतं. ती लॉकबॉक्समधून कधीकधी सुटते, अर्ज आत जातो, फी वटते, सगळे निर्धास्त. नंतर अधिकाऱ्याच्या लक्षात आली तर थेट अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि तेव्हा फी गेलेली असते. त्यापेक्षा रिकामी जागा परवडली.

[फॉर्मचं शेवटचं पान दाखवत]

पुन्हा पाठवताना जुन्याच कागदांवर नुसती सही ठोकून पाठवायचा मोह आवरा. पानाच्या खाली डावीकडे आवृत्तीची तारीख असते, ती सध्याची आहे का बघा. दोन आवृत्त्यांची पानं मिसळली तरी पाकीट परत येतं. फीसुद्धा ताजी बघा. २०२४च्या एप्रिलपासून आय-५३९ला कागदावर ४७० डॉलर आणि ऑनलाइन ४२० आहे, पण पाठवण्याच्या दिवशी संकेतस्थळावर खात्री करा. कार्डाने भरत असाल तर जी-१४५० फॉर्म जोडतात, आणि त्यावर कार्ड ज्याचं आहे त्याची सही लागते. पूर्ण संच तपासून याच एका सहीने पाकीट परत यावं, याच्यासारखा संताप नाही. पत्ताही बघा, सरकारी टपालाचा पत्ता वेगळा, खासगी कुरिअरचा वेगळा.

ऑनलाइन भरायची सोय तुमच्या प्रकाराला असेल तर मी तीच घ्या म्हणेन. तिथे नाव टाइप करणं हीच सही, पण तीही अर्जदारानेच करायची.

आणि आय-९४ उलटून गेलेली असेल तर यूट्यूब बंद करा, माझं चॅनेलसुद्धा, आणि तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला भेटा. तिकीट काढून परतायचं की अर्ज करून थांबायचं, हा निर्णय व्हिडिओ बघून घेण्यासारखा नाही.

जाता जाता, जे अमेरिकेचे नागरिक होऊन इकडे बडोद्यात राहतात आणि बायकोसाठी किंवा भावासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला ग्रीन कार्डावर तिकडे नेण्याचा अर्ज, कागदावर भरणार आहेत त्यांना. सही अर्ज करणाऱ्याचीच हवी, पण मूळ कागद सातासमुद्रापार पाठवायची गरज नाही. शाईने सही करून त्याची स्कॅन प्रत पाठवलेली चालते. कोविडच्या काळातली ही सवलत जुलै २०२२मध्ये कायम केली. मूळ प्रत जपून ठेवा, मागू शकतात. भावासाठी असेल तर जास्तच जपा, कारण भारतीयांना त्या रांगेत पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं, आणि रांगेतली जागा नीट स्वीकारलेल्या अर्जाच्या तारखेवर ठरते. बायकोसाठी असेल तर सोबत आय-१३०ए, म्हणजे तिच्या माहितीचा फॉर्म जातो. ती भारतात असेल तर तो भरायचा, पण तिची सही त्यावर बंधनकारक नाही. तेवढ्यासाठी तिला माहेराहून बोलावून घेऊ नका.